पॅरिसचा ध्रुव

२ डिसेंबर २००७

असलमच्या सायबर कॅफेत आज आकाश बघितलं. फुकट! म्हणजे आकाश फुकट, खुर्चीचं भाडं असलमला. त्याची मुलगी फिरदौस — अकरावीतली, तोंडाळ — म्हणाली, "गुरुजी, इंटरनेटवरून उतरवलंय. तारीख टाका, वेळ टाका, तारे हजर." काळ्या पडद्यावर उगवले एकेक, नावांसकट. मोठे कर म्हटलं तर सुपारीएवढे केले तिने. दोन वर्षांत पहिल्यांदा तारे दिसले मला!

डॉक्टर म्हणतो मोतीबिंदू पिकलाय. पिकू दे. आंबा आहे का, उतरवायची घाई करायला? — खरं म्हणजे सुरीची भीती वाटते.

४ डिसेंबर

देवानंद आला. माझा जुना विद्यार्थी, हल्ली जामसरला शाळेत विज्ञान शिकवतो. नवाचा पाढा अजून कच्चा असणार! "शनिवारी मुलांना तारे दाखवायचेत. गुरुजी, तुम्हीच दाखवा. कवितांसकट."

निवृत्त झाल्यापासून कुणी वर्गावर बोलावलं नव्हतं. डोळ्यांचं सांगितलं असतं तर म्हणाला असता, राहू द्या, आराम करा. आराम करून माणसं मरतात. नाही सांगितलं.

५ डिसेंबर

युक्ती! पडद्यावरून सगळं पाठ करायचं. कविता पाठ होतात, तर तारे का नाही? हात लांब करायचा, मूठ मिटायची — उत्तरेला, क्षितिजापासून पाच मुठी वर, ध्रुव. फिरदौसने मोजून दिलं. मी चाल लावून घोकलं. असलम म्हणाला, "गुरुजी, हळू. गिऱ्हाईक पळतंय."

८ डिसेंबर, शनिवार

जामसरचा माळ. अंधार पडला. मुलं वर बघून आ वासतायत, मला वर नुसती घोंगडी. ध्रुवबाळाची कविता म्हटली — बापाच्या मांडीवरून उठवलेलं पोर, मग ती अढळ जागा. आवाज अजून आहे हो! पाच मुठी मोजल्या, काठी रोखली. "तो बघा ध्रुव!"



सातवीतली एक पोर, लाडकी तिचं नाव, म्हणाली, "गुरुजी, तठं कायच नाय."

"नीट बघ."

"नाय ना. तुम्हाला दिसतो?"

"दिसतो म्हणजे? लखलखतोय!"

मागून पांड्या पुटपुटला, "गुरुजींनी टाकलीय वाटतं." देवानंदने त्याला टपली मारली, आणि स्वतःच हसला. गाढव!

माळ उतरताना लाडकीने न विचारता माझा हात धरला.

१० डिसेंबर

सापडलं! फिरदौसने कपाळावर हात मारून घेतला. त्या फुकटच्या आकाशात आधी आपलं गाव निवडायचं असतं. आम्ही निवडलंच नाही. ते आपलं पॅरिसचं आकाश दाखवत बसलेलं! पॅरिसला ध्रुव पाच मुठी वर. आपल्या जव्हारला जेमतेम दोन.

असलम म्हणतो, "गुरुजी, पासपोर्ट काढून घ्या."

देवानंदला फोन केला. खो खो हसला. चूक पॅरिसची! मी सुटलो.

१५ डिसेंबर

नाही सुटलो.

शाळेत जाऊन पॅरिसची गोष्ट रंगवून सांगितली. पोरं लोळली. लाडकी तेवढी हसली नाही. निघताना माझ्या चपला पायाशी आणून ठेवल्या आणि हळूच म्हणाली, "गुरुजी, मंग तुम्हाला तो कसा दिसला?"

चप्पल उलटी घातली मी.

१६ डिसेंबर

देवानंदला डोळ्यांचं सांगून टाकलं. रागावेल वाटलं. "ऑपरेशनला नाशिकला कधी निघायचं?" — एवढंच म्हणाला. येत असावा नवाचा पाढा.

५ फेब्रुवारी २००८

डोळ्याचं ऑपरेशन होऊन महिना झाला. आज पुन्हा तोच माळ. उत्तरेला दोन मुठी मोजल्या, काठी रोखली.

"दिसला?" लाडकीने विचारलं.

"नाही गं."

तिने काठीचं टोक धरून जरासं डावीकडे सरकवलं. — दिसला! एवढास्सा! फिक्कट! याच्यावर एवढ्या कविता?

"हाच?" मी विचारलं.

"हाच," ती म्हणाली. "आता मान खाली करा गुरुजी, दुखंल."