रविवारच्या खेळाचं टाचण

खोडद
मंगळवार, २६ ऑक्टोबर २००४

प्रिय वृषाली,

या पत्राचा कच्चा खर्डा मी तीनदा केला आणि तिन्ही वेळा फाडला. आता सरळ लिहीत सुटतो, चुकलं तर चुकू दे. तू म्हणशील, ऋषी आणि खर्ड्याशिवाय? काय सांगू बाई, गळ्याशी आलंय सगळं. सुदर्शन रविवारपासून जेवला नाही. नुसत्या चहावर आहे. आई ताट घेऊन जाते आणि तसंच परत आणते. काल तिने लई गयावया केली तर म्हणाला, "दिवाळीपर्यंत लागंल भूक." आई चुलीपुढं जाऊन रडली.

तो कांद्याच्या बराखीच्या छपरावरून पडला हे तुझ्या बाबांकडून तुला तेव्हाच कळलं असेल. मे महिन्यात कांदा भरायच्या आधी पत्रे बदलायला चढला होता. शिडी धरायला कुणी येईतो थांबेल तर तो माझा भाऊ कसला! पाठीवर पडला. पुण्याला दीड महिना दवाखाना झाला, आणि तेव्हापासून पडवीतल्या खाटेवर आहे. कमरेखाली काही कळत नाही. भेटायला येणारा जो तो त्याला एकच सांगतो, दिवाळीपर्यंत उठशील. लंकाआत्या तर आली की त्याच्या पायावरून हात फिरवते आणि म्हणते, "यंदा फटाकं तूच वाजवायचं, माझ्या राजा." दिवाळी आता दोन आठवड्यांवर आली आहे.

घरी आल्यावर जून संपेतो तो कुणाशी बोलत नव्हता. मग एका रविवारी मी माळ्यावरून आपली फाशांची पिशवी काढली. आठवते ना? तुझे बाबा कामाला होते त्या गावच्या रेडिओ दुर्बिणीवर आलेला तो परदेशी पाहुणा जाताना त्यांच्याकडे एक फाटकं पुस्तक आणि ते आठ-दहा-वीस बाजूंचे फासे ठेवून गेला होता, आणि तू दिवाळीच्या सुट्टीत तुमच्या क्वार्टरच्या जिन्यावर आम्हाला गोळा केलं होतंस. मी, सुदर्शन, शेजारची दिशा. एकाने गोष्ट चालवायची, बाकीच्यांनी आपापला माणूस होऊन त्यात वागायचं, आणि जमलं की फसलं ते फाशाने ठरवायचं. पुस्तकातले राक्षस आपल्याला परके वाटले म्हणून तू सगळा खेळ नाणेघाटात आणलास. गोष्ट चालवणाऱ्याला आपण कारभारी म्हणायचो. सुदर्शन वाटाड्या झाला, राघू नावाचा. पुढची पाच वर्षं तो राघूच होता.

तू कारभारी असलीस की तुझ्या हातात एक पोस्टकार्ड असायचं. चार ओळी. कुणाला काय पाहिजे, कोण कशाला भितो, बस्स. मला तुझा हेवा वाटायचा, खरं सांगतो, आणि रागही यायचा. एवढ्याशा तयारीवर तीन-तीन तास! एकदा व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर घाट उतरायचा सोडून सुदर्शन घाटघरला ताक विकणाऱ्या म्हातारीपाशीच बसून राहिला. म्हातारी तुझ्या पोस्टकार्डावर नव्हतीच. तू क्षणभर त्याच्याकडे बघितलंस, आणि त्या साळुबाईला हरवलेला लेक दिलास, आणि आम्ही वर्षभर तो लेक शोधत हिंडलो. मी कारभारी असतो तर तिचं दुकान बंद करून त्याला हाकलत घाटाखाली नेलं असतं. मी दोनशे पानी वही भरायचो. जकात घेणाऱ्याच्या सासऱ्याचं नावसुद्धा लिहायचो. आता शिनोलीच्या शाळेत मास्तर आहे तर तिथंही तेच, टाचण काढल्याशिवाय वर्गात पाऊल टाकत नाही. पोरांनी टाचणाबाहेरचं विचारलं की मला घाम फुटतो.

तरी सुदर्शनसाठी मी जीव ओतला गं. आठवडाभर वही भरायची, शनिवारी एसटीने घरी यायचं, रविवारी दिशालाही बोलवून खाटेशेजारी खेळ लावायचा. तो बोलायला लागला. हसलासुद्धा दोनदा. पण मी काय केलं सांगू? तीन वाटा ठेवायचो आणि तिन्ही एकाच गुहेत न्यायचो. फासा वाईट पडला की कुठून तरी वेल, कुठून तरी दोर आणायचो. चार महिन्यांत त्याचा राघू एकदाही हरला नाही. मला वाटलं, त्याला बरं वाटतंय. तो काय खुळा आहे? पाच वर्षं तुझ्या हाताखाली खेळलेला गडी तो.

परवा रविवारी मी तांडा घाटमाथ्यावर आणला तर म्हणाला, "राघू दोर न लावता कडा चढतोय." मी म्हटलं, कशाला, वाट आहे की. म्हणाला, "माझी मर्जी." फासा टाकला, विसातले दोन पडले. मी दोराची जुळवाजुळव करायला लागलो तर त्याने माझं मनगट धरलं. "दाद्या, पडलाय त्यो. पाठीवर पडलाय." दिशा माझ्याकडे बघायला लागली. मग त्याने तांड्यातल्या वैदूला बोलवायला लावलं आणि विचारलं, "वैदूबाबा, माझा माणूस परत चालंल का न्हाई?"

मी वही उलटली, वृषाली. खरोखर पानं उलटली. वैदूचं नाव होतं, त्याच्या बटव्यातल्या अकरा मुळ्यांची नावं होती. हे नव्हतं. तुझ्यासारखं ऐनवेळी काहीतरी सुचावं म्हणून मी डोळे मिटले, आणि तोंडातून निघालं, "दिवाळीपर्यंत उठेल."

नाणेघाटातला दोन हजार वर्षांपूर्वीचा वैदू, आणि तो लंकाआत्याचं वाक्य बोलला! सुदर्शन हसला नाही. मग म्हणाला, "म्हंजी समद्यांचं ठरवून चाललंय व्हय," आणि भिंतीकडे तोंड केलं.

आता जे कुणालाच माहीत नाही ते लिहितो. ठरवून काहीच नव्हतं. पुण्याला डॉक्टरांनी मला आणि आप्पांना खोलीत बोलवून स्वच्छ सांगितलं की हा पुन्हा चालणार नाही. आप्पा तिथंच खुर्चीत बसून राहिले. मी वॉर्डात गेलो. त्याने विचारलं, दाद्या, कधी उठणार मी? मी काहीही ठरवून गेलो नव्हतो. तोंडात आलं ते बोललो, दिवाळीपर्यंत. आईने ऐकलं, तिने आत्याला सांगितलं, आत्याने गावाला. उभ्या जन्मात एकदाच मी टाचणाशिवाय बोललो, आणि साऱ्या गावाने ते माझ्याकडून पाठ केलं.

आज दुपारी तो रविवारनंतर पहिल्यांदा माझ्याशी बोलला. मी रजा टाकून घरीच आहे. म्हणाला, रविवारी खेळ लाव, तिथूनच, वैदूपास्नं. रविवारी सकाळी दहाला मी त्याला खरं सांगणार आहे. वैदूच्या तोंडून नाही, माझ्या. आप्पांना सांगितलंय. ते हो म्हणाले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत. त्यापुढे काय होईल ते मला ठाऊक नाही, आणि मी जाम भ्यालोय. तो मला हाकलून देईल, देऊ दे. पण मग त्याच्याजवळ बसणार कोण? ज्याने त्याला दिवाळीचं खोटं सांगितलेलं नाही असं माणूस मी रविवारपासून शोधतोय. आई नाही, आप्पा नाहीत, दिशा नाही, शाळेतले त्याचे मित्रसुद्धा नाहीत. पाच महिन्यांत तू एकदाही त्याला बघायला आली नाहीस, याचा मला भयंकर राग होता. आज तोच मी हात जोडून सांगतो, बरं झालं तू आली नाहीस. तू एकटीच उरली आहेस. शनिवारच्या गाडीने ये. मी नारायणगावच्या स्टँडवर थांबतो.

तुझाच,
ऋषी