कोलोनची शनिवारची तिकिटं

शुक्रवार, संध्याकाळ. रीडिंग, इंग्लंड.

दिवा लावला, पण जपात लक्ष नाही. लेकीच्या, केतकीच्या बाळाला बघायला जर्मनीतल्या कोलोनची तिकिटं किती दिवस शोधत होते! ब्रसेल्सहून पुढच्या गाडीत फर्स्ट क्लास सापडला, उद्याचा, चक्क सेकंडपेक्षा स्वस्त. ऑफिसवाले शनिवारी जात नाहीत ना. यांच्या गुडघ्यांसाठी समोरासमोरच्या दोन सीटा घेतल्या. दुपारी हौसेने लेकीला फोन केला.

"आई, एवढ्यात नको गं. लुकासची आई आलीय, बाळाचं सगळं त्याच बघतात. आणि फर्स्ट क्लास? तू? लॉटरी लागली की काय?"

हसले मी. दुसरं काय करणार?

"पैसे परत मिळतात का बघ," हे म्हणाले. एवढ्या स्वस्त तिकिटांचे कुठले मिळायला! पण दुखतंय ते पैशांचं नाही. त्या समोरासमोरच्या सीटा उद्या रिकाम्याच जाणार. पहिल्या नातवाचं तेल, आंघोळ, शेक मी करायचं, असं धरूनच चालले होते. विचारलंच नाही कधी. विचारायचं असतं का हे?

आत्ता तिने व्हिडिओ पाठवला. विहीणबाई बाळाला न्हाऊ घालताहेत, आणि ते शांतपणे टकामका बघतंय. मला वाटलं, त्याने रडावं जरा.

देवा, हे काय आलं माझ्या मनात?