जावईबापूंचं रक्त

१४ मार्च

दादा,

सुरुवातीला खुशाली लिहायची असते, म्हणून लिहिते. मी ठीक आहे. मधूनमधून ताप येतो, त्याचं पुढे सांगते.

ठमीची पिल्लं दिवस भरायच्या आधीच गेली, तेव्हा तू फोनवर म्हणालास, "तुझ्या कुत्रीतच खोट असेल." तुझ्याकडे मेटिंगला पाठवण्याआधी तिचं रक्त तपासलं होतं. स्वच्छ होतं. आता तपासलं तर ब्रुसेला निघाला. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, हा जंतू कुत्र्यांमध्ये संगातून, मुतातूनही पसरतो, गाभ टिकू देत नाही आणि औषधांनी पुरता जातही नाही. मधल्या काळात ठमी तुझ्या कुत्र्याखेरीज कुणाच्या वाऱ्यालाही उभी राहिली नव्हती.

बाहेरच्या प्रत्येक मादीचा रिपोर्ट आपण डोळ्यांत तेल घालून बघतो. तुझ्या कुत्र्याला मात्र सगळं घर जावईबापू म्हणतं, आणि जावयाचं रक्त कोण मागणार? एकदाही मागितलं नाही.

परवा माझ्या फाटकात उभा राहून तू म्हणालास, "तिला इंजेक्शन देऊन मोकळी हो आणि तोंड बंद ठेव." मी फाटक लावून आत गेले. घाबरले म्हणून नाही, अंगात ताप होता म्हणून.

आता ऐक. ठमीला मी मारणार नाही. ऑपरेशन करून तिचं गर्भाशय काढलंय, ती मागच्या खोलीत वेगळी राहते आणि माझ्या चपला कुरतडते. पिल्लं विकणं मी बंद केलं. यंदा ज्यांच्या माद्या तुझ्याकडे येऊन गेल्या, त्या सगळ्यांना फोन केले. हो, तुझं नाव घेऊन. काहींनी मलाच शिव्या घातल्या. एक बाई रडायला लागली; तिच्या मादीचीही पिल्लं गेली होती आणि ती इतके दिवस स्वतःलाच दोष देत होती. माझ्यावर केस करायची तर खुशाल कर.

तापाचं राहिलं. मेलेली पिल्लं मी उघड्या हातांनी उचलली. माझ्या रक्तातही तोच जंतू निघाला. गोळ्या चालू आहेत, मी बरी होईन.

पण वहिनीला दिवस गेलेत, दादा. आणि जावईबापूंची खोली रोज तीच धुते. काल फोनवर तुला हे सांगितलं, तर म्हणालास, "तिला उगाच घाबरवू नकोस, डॉग शो होईपर्यंत थांब." तुझी लाज वाटली मला.

थांबले नाही. तू सकाळी बाहेर पडलास आणि मी आले. वहिनी घाबरली नाही, चिडली. ती आत बॅग भरतेय, तोवर तुझ्याच टेबलावर बसून हे लिहितेय. आधी तिला डॉक्टरांकडे नेईन, मग तिच्या आईकडे सोडीन.

तू रागावशील. आधी त्या कुत्र्याचं रक्त तपासून ये, मग रागाव.

तुझं न ऐकणारी,
तुझीच धाकटी