निळ्या वहीची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, वय अडुसष्ट, हे स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला जोडला आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. भरीस घालायला घरात कोणी उरलेलेही नाही.

१. राहते घर मुलाला. तो ते विकेल. विकावे. पुस्तके मात्र रद्दीत घालण्याआधी वाचनालयाला विचारावे. माझे शिक्षण आठवीपर्यंत. बाकीचे त्या पुस्तकांनी केले.

२. शिलाई मशीन नणंदेला. तीस वर्षे तिचा त्यावर डोळा आहे. आता हातही पडू दे.

३. यजमानांच्या विभागप्रमुखांना काहीही नाही. कारण पुढे आहे.

४. यजमानांची निळी वही. हिच्याबद्दल सविस्तर लिहावे लागेल.

ते संगणकावर पदार्थ रचत. एका अणूइतका पातळ पापुद्रा, त्यावर सेंद्रिय रेणूंचा थर, आणि वीज दिल्यावर त्यातून किती प्रकाश निघेल याचे गणित. संगणक असा तुकडा एका चौकटीत बसवतो आणि तीच चौकट चहूबाजूंना, वर-खाली पुन्हा पुन्हा मांडतो. म्हणून थराच्या वर भरपूर रिकामी जागा सोडावी लागते, नाहीतर थराला स्वतःचीच वरची नक्कल जाणवते आणि उत्तर बिघडते. नुसत्या पापुद्र्यासाठी त्यांनी जागा नीट सोडली होती. मग त्यावर उभे रेणू बसवले, पण चौकटीची उंची वाढवायची राहून गेली. उत्तर फार सुंदर आले. निबंध छापला गेला, सत्कार झाला. त्यांची विद्यार्थिनी, जिला ते मुंगी म्हणत, तोच पदार्थ प्रयोगशाळेत बनवायला बसली.

चूक त्यांना शेवटच्या आजारपणात सापडली. वहीत लिहिले आहे : ‘उंची जुनीच राहिली. प्रकाश खोटा. मुंगीला कळवणे.’ कळवण्याआधी ते गेले.

ते पान समजायला मला सात महिने लागले. समजल्यावर विभागप्रमुखांकडे गेले. ते म्हणाले, “वहिनी, गेलेल्या माणसाची चूक कशाला उकरता? नाव आहे त्यांचं. झाकली मूठ राहू द्या.” मला ते पटले, हे इथे लिहिलेच पाहिजे. वही मी कपाटात कपड्यांखाली ठेवली.

मुंगी महिन्याकाठी यायची.

“काकू, एकशेदहावा नमुना. अंधारच.”

“होईल गं.”

“नाही हो. गणित सरांचं आहे, ते चुकायचं नाही. माझ्याच हाताला गुण नाही.”

वही कपड्यांखालीच राहिली. अशी तीन वर्षे गेली. मग तिने काम सोडले. आता ती चष्म्याच्या दुकानात नंबर तपासते.

गेल्या आठवड्यात तिला बोलावून वही दिली. तिने पान वाचले.

“तुम्हाला केव्हा कळलं?”

मी महिना, वर्ष सांगितले.

“तेव्हा माझा चौथा नमुना चालला होता,” ती म्हणाली आणि वही टेबलावर ठेवली.

“ने गं, तुझीच आहे.”

“काकू, मी हिचं आता काय करू?”

पानाची प्रत, माझ्या कबुलीसह, निबंध छापणाऱ्यांना आज टपालाने पाठवली आहे. उत्तर येईल असे वाटत नाही. मूळ वही वकीलबाईंकडे राहील. कोणी मागितली तर द्यावी.

५. मुंगीने सगळे नमुने चोख बनवले. तिच्या हातांत दोष नव्हता. हे मी शुद्धीवर असताना लिहून ठेवत आहे.

स्थळ : राहते घर, स्वयंपाकघरातील टेबल.
दिनांक : चौदा, मंगळवार, सकाळी.
सही : (यजमानांच्या पश्चात पत्नी)

साक्षीदार पहिले : शेजारचे निवृत्त पोस्टमन.
साक्षीदार दुसरी : मुंगी. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्ष घालू नये, असे वकीलबाई म्हणाल्या. तिला काहीच मिळत नाही, तेव्हा तिची सही चालते.