बस्तीच्या गल्लीतले न दाखवलेले पाणी

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
पूरचित्र कक्ष, सांगली.

विषय : संगणकावरील पूरचित्रातून आमच्या गल्लीतील पाणी वगळल्याबाबत.
संदर्भ : मौजे चिंचणवाट येथील ग्रामसभेत आपल्या कक्षाने पडद्यावर दाखविलेले चित्र.

महोदय,

मी खाली सही करणार गुणमाला भरतेश मगदूम, राहणार बस्तीची गल्ली, चिंचणवाट, तालुका मिरज, आपणांस लेखी कळविते की,

१) धरणातून पाणी सोडल्यावर गावात कुठे किती चढेल, याचे गणित आपल्या संगणकाने केले व त्याचे रंगीत चित्र ग्रामसभेत दाखविण्यात आले. माळ सोडून सगळे गाव निळे होते, आमची गल्ली तेवढी कोरडी. त्यावरून गल्लीतील सभागृह हे गावाचे पूर निवारा केंद्र ठरले. लोकांनी टाळ्या वाजविल्या. मी वाजविल्या नाहीत. २०१९ च्या महापुरात त्याच सभागृहाच्या दारात मी कमरेएवढ्या पाण्यात उभी होते व चालता न येणाऱ्या शेजारच्या रंगुबाई आवटे यांना पाठीवर घेऊन बाहेर काढले होते.

२) सबब मी संगणक चालविणाऱ्या सोनम या मुलीस विचारणा केली. तिने चित्र फिरवून दाखविले, मधोमध कापून दाखविले. गल्ली कोरडीच. "बाळ, काय झाकलंय का ह्यात?" असे विचारता ती हळूच म्हणाली, "काकू, चित्र सुटसुटीत दिसावं म्हणून मीटरभराच्या आतलं पाणी गाळलंय." माझ्या सांगण्यावरून तिने ती गाळणी काढली. आमची गल्ली सर्वांदेखत निळी झाली, सभागृहासकट.

३) आपले उपअभियंता म्हणाले की, तेवढ्या पाण्याला पूर म्हणत नाहीत. खुर्चीवरून सभेला आणलेल्या रंगुबाई म्हणाल्या, "आवं सायेब, मी जमिनीवर निजते. मला तेवढं लय हाय." त्यावर साहेबांनी लाईट गेल्याचे सांगून पडदा गुंडाळला. पंखे फिरत होते.

४) त्यानंतर पंचायतीत लागलेल्या छापील नकाशात गल्ली पुन्हा कोरडी आहे. सोनमची साताऱ्याला बदली झाली. कुणी केली, हे कुणी सांगत नाही. सभागृहावरील 'पूर निवारा केंद्र' हा फलक सभेच्या दिवशीच टांगलेला होता. मी हात लावून पाहिला, रंग केव्हाचा वाळलेला होता. मग चित्र आधी काढले की जागा आधी ठरली? माळावरची शाळा उंचावर असताना तिचे नाव का निघत नाही? सरपंच म्हणतात, "संगणकाला विचारा." संगणकाला मी विचारले होते. त्याने खरे सांगितले होते.

तरी चित्र काहीही न गाळता गावासमोर पुन्हा दाखवावे व निवारा केंद्र शाळेत हलवावे, ही विनंती.

हा अर्ज लिहिताना नदी पात्राबाहेर आली आहे. मुख्याध्यापिका श्रद्धाबाईंनी वर्ग उघडून दिल्याने आमची गल्ली रंगुबाईंसह शाळेत आली आहे, आणि खालच्या आळीची माणसेही विचारत विचारत येऊ लागली आहेत. सभागृहाची किल्ली शेजारी म्हणून पंचायतीने माझ्याकडे दिली होती. ते कुलूप मी माणसांसाठी उघडणार नाही. पाणी चढल्यावर आपण स्वतः यावे, उघडावे, आणि आत उभे राहावे.

कळावे, व कळल्याचे लेखी कळवावे.

आपली नम्र व अद्याप कोरडी,
(सही)
गुणमाला भरतेश मगदूम
मुक्काम : माळावरची शाळा, चिंचणवाट
दिनांक : २ ऑगस्ट २०२५

सोबत : सभागृहाची किल्ली, एक.