कानात सांगितलेलं नाव

२ जानेवारी १९४९
नव्या वर्षाची रोजनिशी यांनी छापखान्यातून आणली. बांधणीत पानांचा फर्मा चुकला, मार्च आधी आणि फेब्रुवारी मागून. विकायच्या लायकीची नाही म्हणून बायकोला. चालायचंच.
दुपारी धाकटा भाऊ, बाबू, सायकलच्या दुकानातून ग्रीसच्या हातांनी तसाच आला. त्याच्या बायकोला, शांताला, सातवा लागलाय, तिला माहेरी गडमुडशिंगीला सोडून आला. "आक्का, पोरगं झालं तर नाव तूच ठिवायचं. आत्तीचा मान हाय की!" आवाज असा की अख्ख्या मंगळवार पेठेला कळावं. हो म्हटलं. चहा केला. तो गेल्यावर घासलेली भांडी पुन्हा घासली.
आमच्या लग्नाला नऊ वर्षं झाली. मूल नाही. मुलाचं नाव मात्र आहे.

१६ जानेवारी
सकाळी दोघं रंकाळ्यावर. धुक्यात पलीकडचा काठच नाही.
नाव इथेच सापडलं होतं. हे कंपोझिटर, लग्नाच्या साली एका शब्दकोशाचे खिळे जुळवत होते. खिशातून प्रुफाचा तुकडा काढून वाचून दाखवला : नीहार - धुकं, दव. आणि समोर पाण्यावर तेच पसरलेलं! "मुलगा झाला तर हेच," म्हणाले. मी लगेच पाण्याकडे तोंड करून हाक मारून पाहिली होती. नवी नवरी, लाज कशी ती नाही.
आज दोघांनीही विषय काढला नाही. कट्ट्यावर धारोष्ण दूध प्यायलो. यांच्या मिशीला फेस तसाच घरापर्यंत. मी सांगितलं नाही, बघत राहिले.
तेव्हाच झाला असता तर तो आता आठ वर्षांचा असता. तिसरीत.

२९ जानेवारी
मी शिकवते त्या शाळेतले सगळ्या वर्गांचे हजेरीचे कॅटलॉग चाळले. हेडबाईंना काहीतरी थाप मारली. शिवाजी, संभाजी, दत्तात्रय, पांडुरंग हवे तितके. जैनांचे बाहुबली, पायगोंडा. पाळण्यात तर म्हणे हल्ली नुसते विजय आणि अशोक. नीहार एकही नाही.
बरं वाटलं. किती कद्रू मी! नावसुद्धा दुसऱ्या कुणाकडे असू नये.
हजेरी घेताना शेवटी मनातल्या मनात आणखी एक नाव पुकारते. मग खिडकीबाहेर बघत बसते. पोरं कुजबुजतात, "बाईंची लागली तंद्री."

१२ फेब्रुवारी
हायस्कुलातल्या संस्कृतच्या मास्तरांना गाठलं. म्हणाले, शब्द अस्सल आहे, थेट वेदांपासूनचा. "पण बाई, माणसाचं नाव म्हणून कधी ऐकला नाही. धुकं ऊन आलं की जातं. जाणाऱ्या वस्तूचं नाव पोराला कोण देईल?"
मला रागच आला. म्हटलं, फूल तरी कुठं टिकतं? अर्ध्या मुलींना फुलांची नावं आहेत. मास्तर हसले. "कुणासाठी विचारताय?"
"भाच्यासाठी." खोटं बोलले. म्हणजे, तेव्हा तरी ते खोटंच होतं.

२० मार्च
पहाटे शांता बाळंत झाली. मुलगा! दोघं सुखरूप.
बाबू सायकल दामटत आला, हातात जोश्यांचा कागद. अनुराधा नक्षत्र, दुसरा चरण. नावाचं अक्षर - नी.
कागद धरून उभीच राहिले. कुणीतरी माझं कपाट उघडून आतली वस्तू बाहेर काढून ठेवल्यासारखं झालं.
बाबूच्या डोळ्यांत पाणी. "आक्का, आबाच आलं की माघारी! नीळकंठ! आता दुसरं काय बघायचंच न्हाय." आबांना, आमच्या वडिलांना, जाऊन अजून वर्ष व्हायचंय. त्याचं काय चुकलं? माझेही ते वडीलच.
हे कामावरून आल्यावर अक्षर सांगितलं. "हं," म्हणाले. जेवताना दोन घास कमी.

३० मार्च
उद्या बारसं. नाव देऊन टाकलं तर कबूल केल्यासारखं होईल, की आता माझं होणं नाही. नाही दिलं तर ते असंच माझ्यापाशी सुकून जाईल. यांना विचारायचं धैर्य नाही. हे 'थांबू' म्हणतील. नऊ वर्षं हेच म्हणतायत.
दुपारी डोळा लागला. स्वप्नात पाठमोरं पोर, पाण्याच्या काठाशी. मी काही बोलले नाही, तेही वळलं नाही. जाग आली तेव्हा फार शांत वाटत होतं.

३१ मार्च
गडमुडशिंगी. अंगडं-टोपडं, करगोटा, सगळं नेलं. ओसरीभर बायका. पाळणे म्हणून झाले. मग मला पुढं केलं.
बाळाच्या कानाशी वाकले. दुधाचा, हळदीचा वास. कान केवढासा! कुर्रर्र केलं, आणि तोंडातून गेलं - नीहार. ठरवलं नव्हतं. देवाशपथ ठरवलं नव्हतं.
रिवाजाप्रमाणे बायकांनी पाठीत धपाधप गुद्दे घातले. "मोट्यानं सांगा की वो पावणं! काय नाव?" समोर बाबू, आबांसारखाच मान तिरकी करून उभा.
"नीळकंठ!" म्हणून मोकळी झाले.
घुगऱ्या वाटल्या. सगळे खूश. कानातलं एक आणि चारचौघांतलं एक, असं कुठल्या आत्यानं केलं असेल? आता ते नाव माझंही राहिलं नाही आणि त्यालाही धड मिळालं नाही. पाठ अजून दुखतेय.

२ एप्रिल
हे म्हणाले, "बरं केलंस. आबांचं नाव ऱ्हायलं. आणि आपलंबी ऱ्हायलं."
मान हलवली. आता सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

१४ ऑगस्ट १९५१
बाबूचं पोर दोन दिवस आमच्याकडे. घरात त्याला 'नीळू' म्हणतात. दुपारी मांडीवर झोपलं तेव्हा खरं नाव हळूच उच्चारलं. झोपेत हसलं. सगळीच लहान पोरं झोपेत हसतात, ठाऊक आहे मला.
तरी दिवस फार छान गेला. वेणी घालायचीसुद्धा राहिली.

३ डिसेंबर १९५२
मिरजेच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. दोष काही नाही म्हणाले. हे परतीच्या गाडीत एवढे खुशीत! भुईमुगाच्या शेंगा घेतल्या, मला सोलून देत होते. "झाला तर नाव तयार हाय."
सोललेले दाणे मी पदरात साठवत राहिले. जे उरलंच नाही त्याची वाट बघायला लावतेय मी या माणसाला.

७ जून १९५५
सोमवारपासून शाळा. पहिलीचे प्रवेश माझ्याकडेच. शांता नीळूचा फॉर्म घेऊन आली. नावाचा रकाना कोरा.
म्हटलं, हे काय?
चौकटीला टेकून उभी. "वन्सं, बारशात तुमी कानात येगळंच बोललासा. मी शेजारीच हुतो की. नीळकंठ न्हवतं ते. सा वरसं इचारायचं म्हणतोय."
सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला तरी. अर्थही सांगितला, कुठून आलं तेही, कुणासाठी ठेवलं होतं तेही. तिनं फॉर्म माझ्यापुढं सरकवला. मग डोळ्याला पदर लावून, "मंग कानातलंच खरं की. मालकांस्नी मी बघतो. तुमीच लिवा काय लिवायचं त्ये."
सहा वर्षं ही बाई माझं गुपित धरून होती, आणि मी तिला अडाणी समजत होते.

१० जून
शाळेच्या रजिस्टरात चढलेलं नाव जन्मभराचं. यांना न सांगता लिहिणं म्हणजे चोरी. आज सांगितलं. सगळं.
हे पाट ओढून बसले. बोटांची शाई चोळत राहिले. "आपलं हुतं ते," एवढंच. मग मान वर करून, "तवाच सोडलंस व्हय तू? बारशालाच?"
हो म्हटलं. फार रडू आलं. नाव देऊन टाकल्याचा यांना राग नाही. आशा सोडल्याचं सांगितलं नाही, सहा वर्षं एकट्यालाच वाट बघू दिली, ते लागलंय. आणि बरोबर आहे त्यांचं.

१२ जून
बोलणं जेवणापुरतं. संध्याकाळी म्हणाले, "उद्या मी येतो शाळंत."

१३ जून
गर्दी. रडारड. शांता नीळूला घेऊन रांगेत. बाबू आला नाही. हे दाराशी, टोपी हातात घेऊन.
पाळी आली. दौत पुढं ओढली. सगळ्या पोरांना विचारते तसंच विचारलं, "नाव काय बाळ तुझं?"
त्यानं आईकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली; घरी दोन्ही नावं सांगितलेली दिसत होती. मग माझ्याकडे बघून, स्वच्छ आवाजात :
"आत्ती, कुठलं सांगू?"
दाराकडे पाहिलं. हे आत येत होते, सरळ त्याच्याकडे. त्याच्यासमोर उकिडवे बसले. "दोन्ही सांग बघू," म्हणाले. "मला ऐकायची हायत."
त्यानं सांगितली. दुसरं ऐकताना यांनी डोळे मिटले होते.
रकाना एकच; दोन्हींतलं एक गाळून मला अक्षर काढवेना. हेडबाईंना म्हटलं, ही नोंद उद्या लिहिते.