नळीतली हळद

सोमवार, ३ मार्च
हिंगोलीला पोचले. एसटीतून उतरल्याबरोबर हळदीच्या वासानं स्वागत केलं. मोंढ्यात पोत्यांच्या थप्प्या, रस्त्यावर पिवळी धूळ. अख्खं गावच लग्नघर वाटलं! विमान अपघातांच्या तपासात आल्यापासून एकटीवर सोपवलेलं हे माझं पहिलंच काम. त्यामुळे विश्रामगृहातला पांचट चहासुद्धा गोड लागला.

दुपारी औंढ्याच्या अलीकडच्या गोदामात अवशेष पाहिले. जायरोकॉप्टर मोठं गमतीचं यान. मागचं इंजिन त्याला पुढं ढकलतं, डोक्यावरचा पंखा मात्र निव्वळ वाऱ्यानं फिरतो. पंख्याला वारा मिळेनासा झाला की खेळ खलास. यात्रेतल्या भाविकांना वरून देऊळ दाखवायचं म्हणून इथल्या नानाशेठनी ते आणलं आणि पहिल्याच उड्डाणात ते हळदीच्या शेतात पडलं. चालक विकास जवळच्या तांड्यावरचा, यानात एकटाच. जागीच गेला. ओळख पटली ती उजव्या हातावरून. करंगळीचं पेर लहानपणी कडबाकुट्टीत तुटलेलं होतं.

गोदामाची किल्ली माझ्याकडेच आहे. काम झकास होणार.

मंगळवार, ४ मार्च
सापडलं! यानाच्या नाकावर बोटाएवढी नळी असते. तिच्यात वारा शिरतो आणि त्यावर काटा वेग दाखवतो. ही नळी हळदीनं गच्च बुजलेली होती. काटा वेग कमीच दाखवत राहिला असणार. विकासनं वेग वाढवायला हातातला दांडा पुढं रेटला, नाक खाली गेलं, वरच्या पंख्याला वारा मिळेनासा झाला.

पुढचं नानाशेठनी स्वतःच गोदामात येऊन हसत हसत सांगितलं. उड्डाणाआधी पूजा केली होती. विकासच्या आईनं, मोतीबाईनं, यानाच्या नाकावर ओल्या हळदीची बोटं ओढली. विकास फडकं घेऊन नळी पुसायला गेला तर नानांनी त्याचा हात धरला. म्हणे, "पूजेची हळद पुसत असतेत व्हय रे? अपशकुन करून राहिला!"

हे सांगताना ते भजी खात होते आणि तेलकट बोटं त्याच मोडक्या यानाला पुसत होते. जिथं माणूस मेला तिथं!

बुधवार, ५ मार्च
नळी कोरून साफ केली, हळदीचा नमुना पाकिटात भरला. बाहेर आले तर मोतीबाई दाराशी बसलेली. हळद शिजवायच्या कामावरून तशीच उठून आलेली, हात कोपरापर्यंत पिवळे. नवरदेवाला लावावी तशी हळद म्याच लावली व्हती, म्हणाली. मग पदर तोंडाला लावून तिनं एवढंच विचारलं, "बाई, माझं लेकरू चुकलं का? तेवढं सांगा."

तांड्यावर लोक म्हणतात, त्याला उडवताच येत नव्हतं. ते तिला खाऊन टाकतंय. उद्या सांगते, म्हटलं.

गुरुवार, ६ मार्च
नळी पुन्हा भरलीय. हळद ओली आहे. कुलूप जसंच्या तसं. कुणाची तरी खोडी असणार. काडीनं उकरलं तर लगद्यात काळा केस निघाला, आणि नखाचा तुकडा. शी!

साहेबांचा फोन आला. चालकाची चूक लिहा आणि परत या, नानाशेठची ओळख वरपर्यंत आहे. नानाही गोड आवाजात म्हणाले, खरं लिहिलं तर मायच्याच हातानं पोरगं मेलं असं होईल. मेलेल्याला काय तकलीफ? निर्लज्ज माणसाला दया कशी वेळेवर सुचते!

आणि मी? मी मान डोलावली. अहवालात चालकाची चूक लिहिली, तो साहेबांना पाठवला, मोतीबाईलाही तेच सांगितलं. ती पदराला हात पुसत राहिली. "बराबर हाय, बाई," म्हणाली आणि खाली मान घालून गेली. मला माझीच किळस आली. तरी पोटभर जेवले.

शुक्रवार, ७ मार्च
वरणाला तोच ओल्या हळदीचा वास. पाण्यालाही. नाक शिंकरलं तर रुमालात पिवळा घट्ट लगदा. शेंबूड नव्हे. डॉक्टर म्हणाले, धूळ बाधली. थेंब दिले.

नाकात काहीतरी वळवळत होतं. चिमटीत धरून ओढलं. केस. लांबच लांब निघत राहिला. ओकले. ओकारीही पिवळी.

शनिवार, ८ मार्च
आरशात पाहिलं. नाकावरून गालापर्यंत ओल्या हळदीची बोटं ओढलेली. तीन पूर्ण. करंगळी अर्धी.

साबण लावला. राखेनं घासलं. कातडी सोलली, पण पिवळं जात नाही —

गोदामात गेले. दारं बंद, वाऱ्याची झुळूकही नाही. डोक्यावरचा मोडका पंखा फिरत होता. मी आत शिरताच थांबला —

रविवार, ९ मार्च
एक नाकपुडी पार बंद. साहेबांना म्हटलं, अहवाल बदलायचाय. म्हणाले, पुढं गेला, विसरा. नमुन्याचं पाकीट उघडलं — रिकामं —

मोतीबाईकडे निघाले. तोंडानं सांगायचं, बस. तांडा दिसतोय. पण दम — बांधावर बसलेय. हाक मारायला गेले तर घशातून लगदा वर आला —

लिहितेच. नळी बुजली होती. तो पुसायला गेला होता. नानानं हात धरला. त्यानं दांडा रेटला, कारण काटाच खोटा —

दुसरी नाकपुडी — बोटं, आत —

थांब रे विकास, सांगतेय ना —

तोंडातही — कडू —

ज्याला ही वही सापडेल त्यानं मोतीबाईला सांगा, तिच्या लेकरानं —